आबांचा रेडिओ आणि कार्ल्सबाडचा पियानोवादक

आमच्या घरात घड्याळापेक्षा आबांच्या रेडिओवर जास्त विश्वास होता. पहाटे गोठ्याकडे जायच्या आधी आबा तो ओट्यावर आणून ठेवायचे आणि बटण फिरवायचे. आधी थोडी खरखर व्हायची. मग तंबोरा सुरू व्हायचा आणि त्याच्यावर हळूहळू चढत जाणारं एक व्हायोलिन. ती धून संपेपर्यंत आबा हलायचे नाहीत. ‘वंदे मातरम्’ सुरू झालं की उठून कामाला लागायचे. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा पुणे केंद्र लागायचं, नंतर नगरचंही लागायला लागलं. केंद्र बदललं तरी सुरुवातीची धून तीच राहिली.

मी आठवीत किंवा नववीत असताना आबांनी एकदा विचारलं, “कोनी केली असंल रे ही?”

मी लगेच सांगून टाकलं, “पंडित रविशंकर.” कुठून आलं हे उत्तर? कुठूनच नाही. भारतीय वाद्यसंगीत म्हटलं की मला तेवढं एकच नाव माहीत होतं. पुढे कॉलेजच्या वार्षिकांकात रेडिओवर लेख लिहिला, त्यातही तेच छापलं. कुणी हरकत घेतली नाही. चुकीचं उत्तर इतकं निवांत जगू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी लॉकडाऊननंतरचा जुना पसारा आवरताना तो वार्षिकांक हाती लागला आणि सहज म्हणून मी तारखा ताडून पाहिल्या. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ च्या जूनमध्ये मिळालं. ही संकेतधून त्यानंतरच्या थोड्याच काळातली. रविशंकरांचा जन्म १९२० चा. म्हणजे १९३६ मध्ये ते सोळा वर्षांचे होते आणि थोरले बंधू उदय शंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर परदेशात हिंडत होते. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात ते आले १९४९ मध्ये. या धुनेशी व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांचंही नाव जोडलं जातं. त्यांचा जन्म १९२२ चा, म्हणजे त्या वेळी ते चौदा वर्षांचे.

मग हे काम कुणाचं? संगीताचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक आज ज्याचं नाव घेतात, तो ना दिल्लीचा, ना बनारसचा, ना पुण्याचा. तो जर्मन बोलणारा ज्यू पियानोवादक आणि संगीतकार होता. नाव वॉल्टर काउफमन.

कार्ल्सबाड, बर्लिन, प्राग

काउफमनचा जन्म १ एप्रिल १९०७ चा, कार्ल्सबाडचा. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते साम्राज्य मोडलं आणि गाव चेकोस्लोव्हाकियात आलं. आज त्याचं नाव कार्लोव्ही व्हारी आहे. घरात भाषा जर्मन, धर्म ज्यू, नागरिकत्व चेकोस्लोव्हाकियाचं. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्या आयुष्याची सगळी वळणं यांच्यावरच ठरली.

बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात तो फ्रान्झ श्रेकर या नामवंत संगीतकाराकडे रचनाशास्त्र शिकला. तिथेच त्याला कुर्ट झाक्स भेटले. जगभरच्या वाद्यांची वर्गवारी करणाऱ्या दोन अभ्यासकांपैकी हे एक. त्यांनी १९१४ मध्ये मांडलेले मूळ चार वर्ग भरताच्या नाट्यशास्त्रातल्या तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चार वर्गांशी बरेच जुळतात. बर्लिनमध्ये त्या काळी देशोदेशीच्या संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रहही होता. एका युरोपियन मुलाला आपल्या संगीतापलीकडचं काही ऐकायचं असेल, तर याहून चांगली जागा नव्हती.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. झाक्स आणि श्रेकर दोघेही ज्यू वंशाचे. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. श्रेकर वर्षभरातच वारले.

काउफमन तेव्हा प्रागच्या जर्मन विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. विषय होता गुस्ताव मालरच्या सिंफनी. मालरही ज्यू घरातला. प्रबंध पूर्ण झाला, फक्त पदवी घ्यायची बाकी होती. तेवढ्यात त्याला कळलं की आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे स्थानिक नाझी संघटनेत पुढारीपण करतात. त्याने पदवी नाकारली. पीएच.डी.साठी आपल्याकडे लोक काय काय सोसतात हे आठवा, म्हणजे या नकाराचं वजन कळेल. आयुष्यभर प्राध्यापकी करायची इच्छा असलेल्या माणसाने हातात आलेलं प्रमाणपत्र सोडून दिलं होतं.

दोष कुणाचा?

आता मला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात आवडणारा प्रसंग.

भारतात यायच्या आधी काउफमनने भारतीय संगीताच्या काही रेकॉर्ड मिळवून ऐकल्या. त्याला काहीच कळलं नाही. बारा सुरांच्या पियानोवर वाढलेला, एका वेळी अनेक स्वर एकत्र वाजवण्यात सौंदर्य शोधणारा त्याचा कान. इथे एकच गळा, एकच आधारस्वर आणि मधल्या फटींतून घसरत जाणाऱ्या मींडा. त्याला ते सगळं परकं आणि अगम्य वाटलं.

त्या काळात असं वाटणारा तो एकटा नव्हता. कित्येक युरोपियन प्रवाशांनी आपलं संगीत ऐकून ‘हा गोंगाट आहे’ असं लिहून ठेवलंय. काउफमनने मात्र वेगळा हिशेब केला. पुढे एका पत्रात त्याने तो सांगितलाय. त्याचा आशय असा : हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी घडवलंय आणि लाखो माणसांना ते आवडतं. तरी मला ते कळत नसेल, तर दोष माझा आहे. तेव्हा जिथे हे संगीत जन्मलं तिथे जाऊनच ते शिकायला हवं.

हे वाचल्यावर मी मोबाइल बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो. न कळलेलं गाणं मी दहा सेकंदांत पुढे ढकलतो. न पटलेल्या माणसाला त्याहून लवकर. इथे एक सव्वीस वर्षांचा तरुण न कळलेलं गाणं समजून घ्यायला बोटीचं तिकीट काढतो.

भारताचा व्हिसा त्याला सहज मिळाला. १९३४ च्या फेब्रुवारीत तो मुंबईत उतरला. मुक्काम थोड्या काळाचाच धरला होता. राहिला मात्र बारा वर्षं. ही बारा वर्षं तो युरोपात राहिला असता तर काय झालं असतं, हे सांगायला कल्पना लढवावी लागत नाही. एका न कळलेल्या रेकॉर्डने त्याचा जीव वाचवला, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

मुंबईतला गुरुवार

मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली. चेंबर म्युझिक म्हणजे चार-पाच वादकांनी छोट्या दिवाणखान्यात वाजवायचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. आपल्या घरगुती बैठकीसारखंच. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी कार्यक्रम व्हायचा. पियानोवर काउफमन, चेलोवर इटालियन वादक एडिजिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर एक पारशी तरुण, मेहली मेहता. पुढे जगभर गाजलेला संगीत-संचालक झुबीन मेहता हा त्यांचा मुलगा. पहिल्या तीन वर्षांतच सोसायटीचे शंभराहून जास्त कार्यक्रम झाले.

पोटापाण्यासाठी चित्रपटही होते. दिग्दर्शक मोहन भवनानी हे बर्लिनमध्ये सिनेमा शिकून आलेले. त्यांच्या चित्रपटांसाठी काउफमनने संगीत केलं. त्याचा जुना मित्र आणि प्रागचा लेखक विली हास हाही नाझींपासून पळून मुंबईत आला आणि भवनानींसाठी पटकथा लिहू लागला. एका बाजूला दादर-परळचे स्टुडिओ, दुसऱ्या बाजूला प्राग-बर्लिनच्या कॅफेंतून उठून आलेली ही माणसं. मुंबईने त्यांना काम दिलं आणि फार प्रश्न विचारले नाहीत.

१९३७ मध्ये काउफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. १९४६ पर्यंत तो या नोकरीत होता. रेडिओसाठी त्याने ‘अनसूया’ नावाचं संगीतनाटक रचलं. पाश्चात्त्य ऑपेराच्या पद्धतीचं, पण विषय इथला. आणि याच काळातली, त्याच्या नावावर असलेली सगळ्यात छोटी रचना म्हणजे आबांची पहाटेची धून. तिच्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं मानलं जातं.

ही धून आज पुन्हा ऐका. फोनवर ‘न्यूज ऑन एअर’ ॲप असेल तर पहाटेच लावा. ती शिवरंजनी रागाच्या स्वरांत आहे. शाळेत पेटी शिकलेल्यांना भूप आठवत असेल : सा रे ग प ध. त्यातला गंधार कोमल करा, की शिवरंजनीचे स्वर मिळतात. एका सुराच्या बदलाने उजेडात थोडी कातरता येते. पाच स्वरांमुळे पाश्चात्त्य कानाला ती फार परकी वाटत नाही आणि खाली तंबोरा असल्याने आपल्याला ती आपलीच वाटते. सुरांचं साम्राज्य उभं करायला शिकलेल्या माणसाने इथे एकाही जादा स्वराचा सोस केला नाही. आपण शिकलेलं सगळं दाखवायचा मोह आवरणं किती अवघड असतं, हे कुठल्याही कलेत हात घातलेल्या माणसाला विचारा.

याच काळात दिल्लीच्या रेडिओवर त्याच्यासारखंच काम करणारा एक इंग्रज संगीतकार होता, जॉन फोल्ड्स. भारतीय संगीतावर त्याचंही मनापासून प्रेम. पण त्या प्रेमातून त्याने पेटीविरुद्ध, म्हणजे हार्मोनियमविरुद्ध जोरदार लिहिलं. हे युरोपियन वाद्य भारतीय श्रुतींचा गळा घोटतं, असं त्याचं म्हणणं. हे मत असलेले भारतीयही बरेच होते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून जास्त टिकली. आमच्या गावच्या भजनी मंडळाची पेटी ज्या वर्षांत दर एकादशीला वाजत होती, त्याच वर्षांत रेडिओला ती परकी होती. आणि त्या रेडिओची रोजची सुरुवात व्हायची युरोपियन व्हायोलिनने! आपलं कुठलं आणि परकं कुठलं याची फाळणी वाद्यांच्या जन्मगावावरून करायला गेलं, की अशी गंमत होते.

नगरची तारेची कुंपणं

माणसांची फाळणीही जन्मगावावरून झाली. तिचा पत्ता होता आमचं नगर, म्हणजे तेव्हाचं अहमदनगर आणि आताचं अहिल्यानगर.

नगरला कैदी ठेवायची परंपरा जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धातले बोअर कैदी इथे आणले गेले. पहिल्या महायुद्धात भारतभरचे जर्मन इथे नजरकैदेत होते. त्यांत व्यापारी होते, मिशनरीही होते. १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद यांना किल्ल्यात ठेवलं, ते तर शाळेच्या सहलीतच सांगतात. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ किल्ल्यात लिहिलं गेलं हे सगळ्यांना पाठ. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी लिहिलेल्या पत्रांमध्ये एक लांबलचक पत्र संगीतावर आहे, हे मात्र मला सहलीत कुणी सांगितलं नव्हतं. तरुणपणी आझाद सतार शिकले होते.

किल्ल्याच्या आधीची गोष्ट सहलीत कधीच येत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने भारतातले जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुष पकडायला सुरुवात केली. त्यांना नगरच्या छावणीत आणलं. निकष एकच होता, पासपोर्ट. त्यामुळे हिटलरचे समर्थक आणि हिटलरपासून जीव वाचवून पळालेले ज्यू निर्वासित एकाच कुंपणात आले. पळून आलेल्यांना इथे पुन्हा त्यांच्याच शेजारी झोपायचं होतं.

या छावणीत कोण होतं? ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ हा ब्रॅड पिटचा सिनेमा पाहिला असेल. त्याचा नायक, ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर, कराचीत पकडला गेला आणि आधी नगरला आणला गेला. तिथून देवळाली, तिथून डेहराडून. डेहराडूनहून १९४४ मध्ये तो तिबेटकडे पळाला. हा हारर एसएस या नाझी दलाचा सभासद होता, हे सिनेमा पाहून आलेल्यांना क्वचितच आठवतं. त्याच नगरच्या छावणीत काही काळ लामा अनागारिक गोविंद होते. मूळ जर्मन, पण बौद्ध झालेले आणि भारतात स्थायिक. फॅसिझमला त्यांचा उघड विरोध असल्याने छावणीतल्या नाझींनी त्यांना छळलं.

चौकशी होऊन बऱ्याच ज्यू निर्वासितांची काही महिन्यांत सुटका झाली. १९४१ मध्ये छावणी नगरहून हलली. आज नगरमधल्या कुणालाही विचारलं तर त्या कुंपणाची जागा सांगता येणं कठीण.

काउफमन नगरला आला नाही. त्याची मातृभाषा जर्मन होती, त्याचं शिक्षण जर्मनीत झालं होतं, नाव जर्मन होतं. पण त्याचं नागरिकत्व चेकोस्लोव्हाकियाचं होतं, आणि त्या देशाचे लोक शत्रूच्या यादीत नव्हते. १९१८ मध्ये कुणीतरी नकाशावर एक रेघ ओढली आणि कार्ल्सबाड तिच्या या बाजूला आलं, म्हणून १९३९ मध्ये तो मुंबईच्या स्टुडिओत पियानोसमोर बसला होता. त्याच भाषेत स्वप्नं पाहणारे दुसरे ज्यू त्याच सुमारास नगरच्या उन्हात हजेरीला उभे होते. रेडिओची धून मात्र रोज वाजत होती. कुणी बनवली, हे विचारायला त्या वेळी कुणाला फुरसत असेल?

मागे राहिलेले

त्याची पत्नी गेर्टी हीही मुंबईत आली होती. तिचं माहेरचं आडनाव हेरमान आणि तिचे मामा फ्रान्झ काफ्का. होय, ‘मेटामॉर्फोसिस’वाले. काफ्काच्या थोरल्या बहिणीची, एलीची ती मुलगी. काफ्का १९२४ मध्येच वारले होते. त्यांच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. एली आणि वाली यांना १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधल्या वुच शहरातल्या ज्यूंच्या वस्तीत पाठवलं. तिथून त्या परत आल्या नाहीत. धाकटी ओटला १९४३ मध्ये आउशवित्झला गेली.

काफ्काची भाची मुंबईत राहत होती आणि तिची आई अशी संपली. हे वाक्य मी तीन वेळा लिहिलं आणि तीनही वेळा त्याला काही जोडावंसं वाटलं नाही.

काउफमन या काळात काम करत राहिला. मुंबईच्या नोकरीत पाश्चात्त्य संगीत सांभाळता सांभाळता तो मध्य भारतातल्या गोंड आणि बैगा समाजाची गाणी ऐकायला गेला. त्यावरचा त्याचा लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. बस्तरच्या मुरिया आणि माडिया गोंडांच्या गाण्यांवर त्याने पुढेही लिहिलं. शास्त्रीय संगीताची महती गाणारे पाहुणे त्या काळात काही होते. जंगलातल्या गाण्यांची स्वरलिपी कानाने टिपून घेणारे फार थोडे. रेकॉर्ड ऐकताना जो हिशेब त्याने केला होता, तोच इथेही दिसतो. माणसं गातात, म्हणजे त्यात काहीतरी आहे. आपल्याला ते ऐकू यायला हवं.

१९४६ मध्ये त्याने मुंबई सोडली. एक वर्ष लंडन, मग कॅनडातलं हॅलिफॅक्स. १९४८ पासून सुमारे दहा वर्षं विनिपेग शहराच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा तो प्रमुख होता. त्यानंतर अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात तो संगीतशास्त्राचा प्राध्यापक झाला. प्रागमध्ये पदवी नाकारणारा माणूस पन्नाशीत वर्गात शिकवायला उभा राहिला.

तिथे त्याने मुंबईतल्या बारा वर्षांचं कर्ज फेडलं. १९६८ मध्ये ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ हा त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात भातखंड्यांच्या दहा थाटांनुसार उत्तर हिंदुस्थानी रागांची मांडणी आहे आणि स्वर पाश्चात्त्य लिपीत दिलेत. १९७६ मध्ये दक्षिणेकडच्या रागांवरचा दुसरा ग्रंथ आला. विष्णु नारायण भातखंडे मुंबईत वकिली सोडून गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी गोळा करत फिरले होते आणि १९३६ मध्ये मुंबईतच वारले. त्यांनी आखलेल्या चौकटीत एक परका माणूस रागांचा कोश रचत होता, तेही अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका गावात.

९ सप्टेंबर १९८४ रोजी काउफमन वारला. त्याच्या रचना तोवर बहुतेक विस्मरणात गेल्या होत्या. युरोपात त्याला वाजवणारं कुणी उरलं नव्हतं, भारतात त्याच्या संगीताला जागा नव्हती, अमेरिकेत तो फक्त प्राध्यापक होता. जगातल्या सगळ्यात जास्त वेळा वाजलेल्या धुनांपैकी एक त्याच्या नावावर, आणि ती रोज ऐकणाऱ्यांना हे नावच ठाऊक नाही.

विळद घाटात

२०२० मध्ये कॅनडातल्या टोरंटोच्या ‘एआरसी एन्सेम्बल’ या वादकसमूहाने काउफमनच्या चेंबर संगीताची ध्वनिमुद्रिका काढली. ती सापडली तेव्हा मी नगरहून राहुरीला एसटीने निघालो होतो. नगर-मनमाड रस्ता, खिडकीची जागा, कानात इअरफोन. अकरावी स्ट्रिंग क्वार्टेट लावली, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो.

खरं सांगतो, मला कळली नाही. पहिल्या दोन मिनिटांत अंगठा आपोआप पुढच्या गाण्याकडे गेला. चार वाद्यं चार दिशांना बोलत होती आणि कुणाचं ऐकायचं तेच समजेना. मग आठवलं की नेमक्या याच जागी, उलट्या दिशेने, हा माणूस एकदा अडकला होता. मी अंगठा मागे घेतला. दोष माझ्या कानांचा असं गृहीत धरलं आणि सुरुवातीपासून लावलं. विळद घाट ओलांडेपर्यंत फक्त चेलोच्या मागे गेलो. दुसऱ्यांदा व्हायोलिनच्या मागे. राहुरीच्या स्टँडवर उतरेपर्यंत कुठेतरी पाच स्वरांची एक ओळखीची चाल कानाला लागली आणि लगेच निसटली. अजूनही ती रचना मला पूर्ण कळलेली नाही. पण आता मी ती पुढे ढकलत नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आबा ओट्यावरच बसले होते. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. रेडिओ तिसरा की चौथा. पहिल्याचं पोस्टातून काढलेलं लायसनचं पुस्तक अजून ट्रंकेत आहे. मी म्हणालो, “आबा, तुम्ही एकदा विचारलं होतं ना, ती धून कोणी केली? मी चुकीचं सांगितलं होतं.”

आबांना त्यांचा प्रश्न आठवत नव्हता. तरी मी सगळं सांगितलं : कार्ल्सबाड, हिटलर, मुंबई, नगरची छावणी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग लढाई संपल्यावर तो माघारी गेला नाही का त्याच्या गावाला?”

“जायला काही उरलं नव्हतं, आबा. माणसंच राहिली नव्हती.”

आबा थोडा वेळ समोरच्या कपाशीकडे बघत राहिले. त्यांचं जुनं गाव मुळा धरणाच्या पाण्यात गेलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो, एवढंच ते एरवी सांगतात.

“आम्ही उठलो तवा बैलगाडीत भांडी भरली, कणग्या भरल्या,” ते म्हणाले. “तुझी आजी म्हनली, रेडिओ माझ्या मांडीवं द्या. नव्या जागी छप्पर नव्हतं अजून. पन सकाळी ही धून लागली, म्हनून उजाडल्यासारखं वाटलं.”

मग त्यांनी मला नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दोनदा घोळवून पाहिलं, “कावफमन. कावफमन.” उच्चार थोडा वाकडा झाला. दुरुस्त करावा असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती खरखरीने. तंबोरा सुरू झाला, व्हायोलिन चढू लागलं. ओट्यावरून आबांचा आवाज आला. ते आजीला सांगत होते, “ऐकलं का, ही त्या कावफमनची.”